रॉकच्या कॅसेट लॅपटॉपवर घेताना आवाज दबका येतोय

लातूर:
रॉकच्या ८ आणि तमिळ थ्रिलरच्या पार्श्वसंगीताची १ कॅसेट आहे. झांजा दबतात, गिटार लहरते. डेक हेडफोनच्या भोकातून माइकला जोडलाय.

नांदेड:
भाऊ, आधी ती वायर काढा. माइकचं भोक बहुधा मोनो असतं, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा घेत नाही, आणि आवाज फाटतो. लाइन-इन (डेकसारख्या यंत्राचा आवाज आत घेणारं भोक) असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलपर्यंतच ठेवा, रेकॉर्डिंगची सेटिंग ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट.

परभणी:
झांजा दबल्या तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड (टेपवरचा आवाज वाचणारा डेकचा भाग) पुसा. कापसाच्या काडीवर तपकिरी डाग येणं थांबेपर्यंत. टेप पुढे ओढणाऱ्या रबरी रोलरला साबणाचं पाणीच बरं. कॅसेटवर डॉल्बीची (टेपची खरखर कमी करणारी पद्धत) खूण नसेल तर डेकचं डॉल्बी बटण बंद. तरीही दबकाच? हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू अगदी थोडा फिरवा, आवाज मोनो करून. झांज सगळ्यात लख्ख वाजेल तिथे थांबा. सगळ्या कॅसेटना एकच जागा चालेल असं धरू नका.

बीड:
लहरणं म्हणजे बहुतेक डेकमधला टेप फिरवणारा रबरी बेल्ट सैल. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबर लवकर जातं. आणि कॅसेटमधली, टेप हेडवर दाबून धरणारी फेल्टची गादी बघा, गोंद सुटून पडलेली असते.

लातूर:
गादी खरंच पडली होती!