बार मधेच जाड राहतोय, कटिंग फोर्स किती धरायचा?

टर्नरभाऊ: लेथवर ईएन ८ (मध्यम कार्बन स्टील) चा लांब बार, डेप्थ (कापाची खोली) १.५ मिमी, फीड (बारच्या एका फेरीत टूल सरकतं ते) ०.२ मिमी, स्पीड मिनिटाला १५० मीटर. दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा आधार लावूनही मधे जाड येतोय, फोर्स किती येत असेल?

चिपवाला: सोप्पंय भावा, १.५ गुणिले ०.२ म्हणजे ०.३ चौरस मिमी, स्पेसिफिक कटिंग फोर्स (एक चौरस मिमी चिप कापायला लागणारा फोर्स) अंदाजे २००० न्यूटन धर, झाले ६०० न्यूटन. पॉवर दीड किलोवॅट.

राधिका: हिशोब बरोबर, पण हा फोर्स उभा लागतो हो, डायमीटर बिघडवतो तो रेडियल, म्हणजे बारला टूलपासून दूर ढकलणारा. नोज रेडियस (टूलच्या टोकाची गोलाई) १.२ मिमी असेल तर ०.४ चं लावा, रेडियल फोर्स कमी होईल, फिनिश जरा खरखरीत येईल, आणि स्टेडी (बारला मधे धरणारा आधार) लावाच. फीड उगाच कमी करू नका, चिप पातळ झाली की स्पेसिफिक फोर्स उलट वाढतो.

टर्नरभाऊ: १.२ च आहे की! बदलून बघतो.