डाउनटाउनमधलं जुनं चर्च: विकून टाकावं की ज्येष्ठांसाठी परवडणारी घरं बांधावीत?

पिंपळपान
अमेरिकेत हाउसिंगमध्ये नाहीतर चर्चच्या कमिटीवर काम केलेलं कोणी इथे असेल तर सल्ला हवाय. आमचं चर्च डाउनटाउनमध्ये आहे, मुख्य इमारत दगडी, मागे साठच्या दशकात बांधलेली संडे स्कूलची विंग, आणि बाजूला भलामोठा पार्किंग लॉट जो रविवार सकाळ सोडली तर ओसाड असतो. सभासद घटलेत, जे आहेत ते बहुतेक सत्तरीच्या पुढचे, छप्पर गळतंय, बॉयलर शेवटच्या घटका मोजतोय आणि वर्गणीतला निम्मा पैसा इमारतीतच जातो. आता एका डेव्हलपरने सगळी जागा घ्यायची तयारी दाखवलीय. पण आमच्यातल्या काहींना मनापासून वाटतं की इथे कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्या माणसांसाठी घरं व्हावीत, कारण आमच्याच काही विधवा बायकांना भाडं झेपेना म्हणून उतारवयात शहर सोडून मुलांकडे दुसऱ्या राज्यात जावं लागलं. मला ते फार लागलंय. हे खरंच होऊ शकतं का, पैसा कुठून येतो, चर्च पाडावं लागेल का, आणि आपल्या सभासदांना आधी घर देता येईल का?

अंगणवेल
ताई/दादा, मी एका नॉनप्रॉफिटसाठी असल्या प्रोजेक्ट्सच्या फायनान्सचं काम करते म्हणून जरा लांबलचक लिहिते. होतं, नक्की होतं. व्हर्जिनियात आर्लिंग्टनला एका प्रेस्बिटेरियन चर्चने आपली जागा परवडणाऱ्या घरांसाठी एका नॉनप्रॉफिटला दिली, तिथे १७३ अपार्टमेंट्स झाली, २०१९ मध्ये लोक राहायला आले आणि चर्चने त्याच इमारतीत तळमजल्यावर जागा घेतली. ते फक्त ज्येष्ठांसाठी नाहीये, पण रस्ता तोच.

सगळ्यात आधी जागा कोणाच्या नावावर आहे ते बघा. बॅप्टिस्ट किंवा यूसीसी (युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट) असाल तर मंडळीचं मतदान झालं की बहुधा भागतं, मेथडिस्ट असाल तर प्रॉपर्टी संप्रदायाच्या ट्रस्टमध्ये असते, प्रेस्बिटेरियन असाल तर विकायला किंवा पाच वर्षांपेक्षा जास्त लीजवर द्यायला प्रेस्बिटरीची (त्या भागातल्या चर्चांच्या वरच्या मंडळाची) लेखी परवानगी लागते. शिवाय जुन्या दानपत्रात कधीकधी अट असते की इथे उपासना थांबली तर जमीन देणाऱ्याच्या वारसांकडे परत जाईल. वकिलाकडून टायटल (मालकीची कागदपत्रं) तपासल्याशिवाय डेव्हलपरच्या कुठल्याही कागदावर सही करू नका, साध्या इरादापत्रावरसुद्धा नको.

आता पैसा. दोन मोठे झरे आहेत. एक म्हणजे १९८६ च्या कायद्यातलं लो इन्कम हाउसिंग टॅक्स क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांची घरं बांधण्यासाठीची करसवलत, राज्याची हाउसिंग एजन्सी ते क्रेडिट देते, बँका वगैरे ते घेतात आणि त्या बदल्यात बांधकामात पैसे घालतात. ९ टक्केवालं क्रेडिट मिळालं तर खर्चाचा मोठा भाग निघतो पण त्याला प्रचंड स्पर्धा, ४ टक्केवालं करमुक्त बाँडसोबत येतं आणि त्यात बरीच तूट उरते जी शहर, काउंटी, फाउंडेशन असं ठिकठिकाणाहून भरावी लागते. दुसरा म्हणजे एचयूडीचा (फेडरल सरकारच्या गृहनिर्माण खात्याचा) सेक्शन २०२ कार्यक्रम, हा १९५९ पासून आहे आणि खास ६२ वर्षांवरच्या अगदी कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच आहे.

आणि इथेच तुमच्या त्या विधवा बायकांचा प्रश्न अडतो, हे नीट वाचा. टॅक्स क्रेडिटमधलं भाडं हे त्या बाईच्या उत्पन्नावर ठरत नाही, परिसरातल्या मध्यम उत्पन्नावर ठरतं. समजा तुमच्याकडे एका माणसाचं मध्यम उत्पन्न ८०,००० डॉलर आहे, तर त्याच्या ६० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांसाठीच्या स्टुडिओचं (एका खोलीच्या घराचं) कमाल भाडं लाइट-गॅस धरून महिना १,२०० पर्यंत जाऊ शकतं. आता एखादीला नुसती सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) १,५०० मिळत असेल तर तिने खायचं काय आणि औषधं कशाची आणायची? कागदोपत्री ते घर 'परवडणारं' आणि ती मात्र बाहेरच. सेक्शन २०२ मध्ये किंवा इमारतीला जोडलेले सेक्शन ८ व्हाउचर (भाड्यासाठीची सरकारी मदत) मिळाले तर ती आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के देते, म्हणजे ४५० च्या आसपास, औषधपाण्याचा खर्च वजा केला तर अजून कमी, बाकीचं सरकार भरतं. म्हणून पार्टनर निवडताना 'किती घरं' हे नंतर विचारा, आधी विचारा की भाड्याची सबसिडी कुठून आणणार आणि किती घरांना. अनेक चर्च इथेच फसतात, इमारत छान उभी राहते आणि ज्यांच्यासाठी सगळं केलं ती माणसं फॉर्म भरून परत जातात.

सभासदांना आधी घर, हे मात्र विसरा. टॅक्स क्रेडिटची घरं सगळ्या जनतेसाठी खुली ठेवावी लागतात आणि फेअर हाउसिंग कायद्यात धर्मावरून भेदभाव चालत नाही. तुमच्या लोकांना अर्ज वेळेवर भरायला मदत करा, तेवढं कोणी अडवत नाही.

तिसरा_मजला
मी आर्किटेक्ट आहे. चर्च पाडायचं का, यावर: बहुतेक वेळा मुख्य सभागृहात घरं बसवणं हाच चुकीचा हट्ट असतो. उंच छत, मोठ्या रंगीत काचा, मधे मजले घातले तर निम्म्या खोल्यांना धड खिडकी मिळत नाही. आणि इमारत ऐतिहासिक यादीत असेल आणि २० टक्के फेडरल हिस्टॉरिक टॅक्स क्रेडिट घ्यायचं असेल तर नॅशनल पार्क सर्व्हिस (असल्या कामाला मंजुरी देणारी फेडरल संस्था) तो मोठा हॉल तुकडे करून भरायला सहसा मान्यता देत नाही. घरं पार्किंग लॉटवर आणि विंगच्या जागी बांधा, सभागृह उपासनेला आणि जेवणाला, कार्यक्रमांना ठेवा. साठच्या दशकातली विंग म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस आणि शिशाचा रंग असणारच असं धरून चाला, आणि जुना बॉयलर आहे म्हणजे जमिनीखाली तेलाची टाकी असू शकते, ती गळली असेल तर खर्च फार वाढतो. पर्यावरण तपासणी सुरुवातीलाच करून घ्या. आणि लिफ्ट दोन हव्यात, ज्येष्ठांच्या इमारतीत एकच लिफ्ट बंद पडली की वरचे लोक घरात कोंडले जातात, बजेट कापताना सगळ्यात आधी दुसरी लिफ्टच उडवतात, तिथे अडून बसा.

मेपल
आमच्या चर्चमध्ये शेजाऱ्यांनी फार विरोध केला, ट्रॅफिक, सावली, उंची, आणि हळूच 'तसले लोक' वगैरे. आमच्या आज्यांना तसले लोक म्हणतायत हे ऐकून मला झोप लागली नव्हती. दार वाजवून बोला, प्लॅन काढायच्या आधी बोला. आर्लिंग्टनलाच क्लॅरेंडनच्या बॅप्टिस्ट चर्चच्या प्रोजेक्टवर काउंटीने चर्चला पैसा दिला म्हणून शेजारी कोर्टात गेले होते, २०१० मध्ये फेडरल अपील कोर्टाने दावा फेटाळलेला कायम ठेवला, पण तेवढ्यात वर्षं गेलीच ना. कॅलिफोर्नियात असाल तर २०२४ च्या जानेवारीपासून एसबी ४ हा कायदा लागू आहे, चर्चच्या जमिनीवर परवडणारी घरं अटींत बसत असतील तर झोनिंग (कुठल्या जागेवर काय बांधता येतं याचे नियम) बदलायची भानगड नाही.

पिंपळपान
खूप खूप आभार, अंगणवेल यांचं १,२०० आणि ४५० चं गणित मी कमिटीला जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे. एकच विचारते, विकण्याऐवजी जमीन लीजवर दिली तर चालतं का? आमच्या ज्येष्ठ मंडळींना जमीन हातची जाऊ द्यायची नाहीये.

अंगणवेल
चालतं, आणि माझ्या मते तेच करा. लांब मुदतीचं ग्राउंड लीज, साठ-सत्तर ते ९९ वर्षांपर्यंत, जमीन चर्चची राहते आणि इमारत पार्टनरची. टॅक्स क्रेडिटची घरं निदान ३० वर्षं परवडणारी ठेवायची अट असते, त्यानंतर खाजगी मालक भाडं वाढवू शकतो, पण जमीन तुमची असेल आणि लीजमध्ये 'कायम कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी' हे कलम असेल तर त्याचा हात बांधलेला राहतो. फक्त आगाऊ रक्कम मागा म्हणजे छप्पर दुरुस्त होईल, आणि पार्टनरने इमारतीत सर्व्हिस कोऑर्डिनेटर ठेवायचा हेही लेखी घ्या, म्हणजे मेडिकेडचे (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचे) फॉर्म, जेवणाची सोय, हॉस्पिटलमधून घरी आल्यावर कोण बघणार हे सगळं बघायला पगारी माणूस असेल. चर्चच्या स्वयंसेवकांनी ते झेपणार नाही, इच्छा कितीही असली तरी. पुढच्या मीटिंगआधी तुमच्या राज्याच्या हाउसिंग एजन्सीच्या साइटवरून यंदाचं क्रेडिट वाटपाचं धोरण उतरवून घ्या आणि ज्येष्ठांच्या प्रोजेक्टला किती गुण आहेत ते बघा, मग इथे टाका, मी वाचून सांगते.