गार्डन हटवले तरी फलाटांचे काय?

न्यूयॉर्कच्या पेन स्टेशन या रेल्वे स्थानकाच्या डोक्यावरचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे क्रीडागृह हलवले की स्थानकाची कोंडी आपोआप फुटेल, हे मत मला अर्धेच पटते. 1910 साली सुरू झालेल्या मूळ स्थानकाची भव्य इमारत 1963 पासून पाडली गेली आणि 1968 मध्ये त्या जागी हे क्रीडागृह उभे राहिले, तरी खालचे 21 रूळमार्ग आणि 11 फलाट तेच राहिले. शिवाय वरच्या बांधकामाचे खांब थेट फलाटांवर उतरलेले असल्यामुळे, जिना आणि फलाटाची कड यांच्यामध्ये प्रवाशाला जेमतेम वाट मिळते. गाडीचा फलाट ऐनवेळी जाहीर होतो आणि फलकाकडे माना वर करून उभा असलेला जमाव एकाच जिन्याकडे धावतो. 2021 मध्ये स्थानकाचा विस्तार म्हणून खुल्या झालेल्या मॉयनिहान ट्रेन हॉलचे काचेचे छत देखणे आहे (दर्शनी कामांना पैसा लवकर मिळतो, हे तिथेही खरेच), पण तिथूनही उतरायचे त्याच फलाटांवर. महापालिकेने 2023 मध्ये गार्डनला केवळ पाच वर्षांचा परवाना दिला असल्याने स्थलांतराचा आग्रह जरूर धरावा. मात्र कोणते फलाट रुंद करायचे आणि तोवर तिथल्या गाड्या कुठे वळवायच्या, हे आराखड्यात आधी लिहून मागितले पाहिजे.