गाडीचा करंट अचानक गेला तर? (अनुभव धागा)

अजिंक्यतारा
काल शेंद्रे फाट्याला बॉनेट उघडून उभी असलेली गाडी दिसली. हॉर्नसुद्धा मुका. जुन्या खटाऱ्यांचे दिवस आठवले, म्हणून हा धागा. तुम्ही आधी कुठे हात घालता?
माझं म्हणाल तर बॅटरीचे टर्मिनल. हाताने हलले तर तिथेच चोर सापडला. १० नंबरचा पाना गाडीत ठेवाच. पांढरी-निळी पूड धरली असेल तर आधी निगेटिव्ह सोडा (नाहीतर पाना बॉडीला टेकला की ठिणगी), मग पॉझिटिव्ह. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, पॉलिश पेपरने घासा. लावताना उलटं, पॉझिटिव्ह आधी. वरून व्हॅसलीन.

कृष्णाकाठ
मल्टिमीटरशिवाय सगळे अंदाज. रात्रभर उभ्या गाडीला १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. भरलेली असून सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर बदला. गाडी चालू असताना १३.८ ते १४.५ हवेत. तेव्हाही १२.३ च असेल तर डायनॅमो चार्ज करत नाही. आधी बेल्ट बघा, मग पुढचा खर्च.

भडंगप्रेमी
उंदीर विसरलात! ऊसतोड सुरू झाली की फडातली सगळी फौज बॉनेटखाली मुक्कामाला 😄

माणदेशी
जो तो बॅटरीच्याच मागे. लाइट झकास, पण सेल्फ मारला की सगळं विझतं? टर्मिनल घट्ट असतील तर अर्थिंग (निगेटिव्हपासून इंजिन-बॉडीला जाणारी जोडणी) बघा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थ पट्टी गेली. वरून ठीक दिसते, लगच्या (टोकाच्या धातूच्या कडीच्या) आत हिरवी पडलेली असते. वाटेत असाल तर जंपर केबल निगेटिव्हपासून इंजिनला लावून बघा, लगेच कळतं.

घाटवाट
आणि चालू गाडीत बॅटरीची वायर काढून डायनॅमो तपासणारे मिस्त्री अजून आहेत, त्यांना हात लावू देऊ नका. व्होल्टेज उसळून ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) जातो.

सोनहिरा
चार दिवस उभी राहिली की उतरते, अशा गाडीला चोरटा करंट शोधा. गाडी बंद, निगेटिव्हची वायर सोडून खांब आणि वायरच्या मध्ये मीटर, १० अँपिअरच्या खुंटीवर. लॉक करून अर्धा तास थांबा, मॉड्यूल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) झोपायला वेळ लागतो. ५० मिलिअँपिअरच्या वर असेल तर एकेक फ्यूज उपसा, आकडा पडला तिथे दोष. बहुतेकदा बाहेरून बसवलेला स्टिरिओ नाहीतर जीपीएस. या जोडणीत सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

भडंगप्रेमी
फ्यूजवरून आठवलं, लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. उडालेल्या निळ्याच्या जागी हिरवा घातला की फ्यूजऐवजी वायर जळते. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार 🙏

कृष्णाकाठ
सांगलीकरांनो, पुराचं पाणी लागलेल्या गाडीला चावी लावायचीच नाही. आधी निगेटिव्ह काढा. २०१९ नंतर हे सांगायला नको, तरी सांगतो.

अजिंक्यतारा
@माणदेशी जंपर केबल कितीची घ्यावी? डिझेल आहे.

माणदेशी
२५ स्क्वेअर एमएम, तांब्याची. जाडी बघून फसू नका, स्वस्तात नुसतं रबर असतं. येताना कंदी पेढे आणा, मग जोडूनपण दाखवतो.