शैलीचे नियम तपासताना काय ठेवायचं, काय काढायचं?

अशोकचौक_कोडर: सोलापुरातल्या यंत्रमागांसाठी चादर-टॉवेलच्या हिशोबाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, पायथनमध्ये. कोड कसा लिहायचा त्या शैलीच्या नियमांचा मसुदा नऊ पानी झालाय. ओळीची मर्यादा 79 अक्षरं की 88? आणि जुना कोड आत्ताच बदलावा का?

कांडी_कमिट: नऊ पानं कोण वाचणार, दादा? यंत्र तपासू शकतं ते सगळं काढा: इंडेंट, अवतरणचिन्हं, इम्पोर्टचा क्रम. ते ब्लॅक आणि रफ या कोड आपोआप नीट करणाऱ्या टूल्सकडे सोपवा, प्री-कमिटमध्ये (प्रत्येक कमिटआधी, म्हणजे बदल नोंदवण्याआधी, होणारी तपासणी) त्यांची आवृत्ती पक्की करून. आवृत्ती मोकळी ठेवली की प्रत्येकाकडे फॉरमॅट वेगळा आणि सीआय (सर्व्हरवरची आपोआप तपासणी) उगाच लाल. 79 हा पेप 8 चा, म्हणजे पायथनच्या अधिकृत शैली-नियमांचा, 88 ब्लॅकचा डीफॉल्ट. 88 घ्या, वाद मिटवा.

होटगी_रोड: जुना कोड बदला, पण एकाच स्वतंत्र कमिटमध्ये; त्यात लॉजिकचा एकही बदल नको. आधी उघड्या पुल रिक्वेस्ट (इतरांनी पाठवलेले, अजून न जोडलेले बदल) निकालात काढा, नाहीतर कॉन्फ्लिक्टचा पाऊस. त्या कमिटचा पूर्ण 40 अक्षरी हॅश (ओळख क्रमांक) ‘.गिट-ब्लेम-इग्नोअर-रेव्ह्ज’ फाइलमध्ये लिहा, म्हणजे कुठली ओळ कोणी लिहिली हे दाखवणारं गिट ब्लेम ती कमिट वगळेल. गिटहब ती आपोआप वाचतं. आपल्या मशीनवर मात्र गिट कॉन्फिगमध्ये ‘ब्लेम.इग्नोअररेव्ह्जफाइल’ द्यावं लागतं, गिट 2.23 किंवा पुढचं हवं. स्क्वॉश मर्जमध्ये (सगळ्या कमिट एकत्र करून जोडताना) हॅश बदलतो, म्हणून नोंद मर्जनंतरच.

ताणाबाणा: नावांतल्या मराठी शब्दांच्या स्पेलिंगचा नियम ब्लॅक किंवा रफ लावून देणार नाही, तो मसुद्यात राहू द्या. ‘ताणा’ रोमनमध्ये कोणी एका ‘ए’नं लिहितं, कोणी दोन, मग सर्चमध्ये अर्धी फंक्शन्स सापडतच नाहीत. रिपॉझिटरीत शब्दसूची ठेवा, प्रत्येक संज्ञेला एकच स्पेलिंग.