निगेटिव्हच्या कडेला बसलेली आजी : जुने फोटो, नवे कॅमेरे, तुमचे अनुभव

गोदाकाठ
दिवाळीची आवराआवर चालू आहे. काल माळ्यावरून पत्र्याचा बिस्किटांचा डबा खाली आला. आत अप्पांची निगेटिव्हं, बटर पेपरच्या पाकिटांत. अप्पांकडे आगफाचा क्लिक थ्री होता. एकशेवीसचा रोल, एका रोलमध्ये बाराच फोटो, चौकोनी. बारा म्हणजे बाराच, त्यामुळे "हलू नका रे" असं दहादा बजावून मग एकदा खटका दाबायचे.

एक पट्टी धाकट्या भावाच्या मुंजीची निघाली, १९७८ सालची. त्यातल्या एका फोटोचं प्रिंट आमच्या अल्बममध्ये आहे, हजारदा बघितलेलं. मांडवात भाऊ, शेजारी आई, बस. मी सहज पट्टी खिडकीकडे धरली तर डाव्या कडेला कुणीतरी बसलेलं. ओसरीच्या खांबाला टेकून, मांडीवर सूप. आजी!

आमच्या घरात आजीचा एकही फोटो नाही, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. ती विधवा, अलवणातली. मंगलकार्यात पुढे यायची नाही, कुणी बोलावलं तरी नाही. आणि ती इथे होती, सत्तेचाळीस वर्षं, डब्यात. निगेटिव्ह चौकोनी आणि स्टुडिओचा कागद उभा, म्हणून प्रिंट काढताना दोन्ही बाजू कापल्या गेल्या. कुणी मुद्दाम केलं नाही, तेव्हाची पद्धतच ती.

कालपासून दुसरं काही सुचत नाहीये. तुमच्याकडे असा एखादा फोटो आहे का, ज्यात मागचं किंवा कडेचंच आज मोलाचं झालंय? सांगा ना. आणि ही निगेटिव्हं घरच्या घरी मोबाइलवर कशी घ्यायची तेही सांगा. बाहेर द्यायला मन होत नाही.

सिडकोकर
काकू, अंगावर काटा आला वाचून. फोटो टाकाच.

लालदिवा
ताई, बाहेर देऊ नका, घरी छान होतं. मी एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये अकरा वर्षं काढलीत, सांगतो.

टॅब किंवा लॅपटॉपवर पूर्ण पांढरा पडदा लावा, उजेड फुल. निगेटिव्ह थेट काचेवर ठेवू नका, पडद्याचे बारीक ठिपके फोटोत येतात. दोन बाजूंना काड्यापेट्या ठेवून त्यावर निगेटिव्ह येईल असं करा. मध्ये ट्रेसिंग पेपर चालेल. खोलीतले दिवे बंद, वरून काही चमकायला नको. निगेटिव्हची चकचकीत बाजू तुमच्याकडे, मळकी बाजू खाली. उलटं झालं तर आजी उजवीकडे जाईल! मग मोबाइल बरोबर समांतर धरून फोटो घ्या, हात हलत असेल तर पुस्तकांच्या दोन ढिगांवर टेकवा आणि टायमर लावा. नंतर कुठल्याही एडिटिंग ॲपमध्ये इन्व्हर्ट करायचं, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं.

एकशेवीसचं निगेटिव्ह सहा बाय सहा सेंटिमीटर असतं, पस्तीस एमएमच्या साडेतीनपट तरी क्षेत्रफळ. त्यामुळे मोबाइललासुद्धा भरपूर तपशील मिळतो. धूळ फुंकून काढू नका, थुंकीचे शिंतोडे कायमचे बसतात. रबरी ब्लोअर घ्या. बोटं फक्त कडांना.

आणि कापायचं म्हणाल तर मी स्वतः हजारो प्रिंटं अशी कापलीत. गिऱ्हाईक सांगायचं, चेहरा मोठा आला पाहिजे. आज तुमचं वाचून सारखा विचार येतोय की त्या कडांना कोण कोण बसलं असेल.

गोदाकाठ
दादा, खूप खूप आभार. आज रात्री स्वयंपाकघर आवरलं की बसते.

भांडीबाजार
आमच्याकडे निगेटिव्हही नाहीत आणि प्रिंटही. १९ सप्टेंबर २००८, नाशिकचा पूर. गंगापूर धरणातून पाणी सोडलं, गोदावरीतला दुतोंड्या मारुती बुडाला, सराफ बाजारात पाणी शिरलं तोवर आम्ही वर सामान नेत होतो. तांदळाची पोती नेली, शिलाई मशीन नेलं. अल्बम खालच्या कपाटात राहिले. दुसऱ्या दिवशी चिखलातून काढले तर सगळे एकमेकांना चिकटून वीट झालेली. मी ते तसेच उन्हात ठेवले आणि तिथेच चुकलं. वाळल्यावर सोडवायला गेले तर रंग दुसऱ्या फोटोच्या पाठीवर.

लग्नातला एक वाचला, तो मामेबहिणीकडे होता म्हणून. त्यात आम्ही दोघं आहोतच, पण मागे नारोशंकराच्या देवळाची घंटा आणि घाटावर वाळत घातलेली धोतरं. आमचे हे आता नाहीत. मी तो फोटो बघते तेव्हा आधी धोतरंच बघते, का कोण जाणे.

लालदिवा
ताई, वाईट वाटलं. पुढे कुणावर वेळ आली तर म्हणून लिहून ठेवतो. ओले फोटो चिकटलेल्या अवस्थेत वाळू द्यायचे नाहीत. स्वच्छ गार पाण्याच्या परातीत अलगद सोडवायचे, दुसऱ्या पाण्यातून काढायचे, चित्राची बाजू वर करून सावलीत एकेक पसरायचे. तेवढा वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये. नंतर सवडीने एकेक सोडवता येतात. उन्हात नको.

गोदाकाठ
भांडीबाजार, तुमचा तो एक फोटो आधी स्कॅन करून चार जणांना पाठवून ठेवा. आजच.

भांडीबाजार
मुलाला सांगितलंय. तो येतो शनिवारी.

रानपाखरू
माझा विषय पक्ष्यांचा, पण मागच्या गोष्टीवरून आठवलं. नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेल्या जानेवारीत चापडगावच्या बाजूने रोहितांवर (फ्लेमिंगोंवर) नेम धरून बसलो होतो, दोन तास. एकही जवळ येईना. शेवटी कंटाळून लांबूनच एक घेतला. घरी मोठा करून बघतो तर मागे धूसर उसाच्या शेताच्या वर भोवत्या हा शिकारी पक्षी, आणि त्याला बघून उठलेल्या वारकरी पक्ष्यांचा सगळा थवा. रोहित जागचे हललेसुद्धा नाहीत, नुसत्या माना वर. मी समोर बघत होतो आणि खरी घटना मागे चालली होती.

तिथे जाणाऱ्यांसाठी: नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्य उगवायच्या आधी पोचा. ऊन पाठीशी राहील अशी जागा धरा. उडत्या पक्ष्याला शटर सोळाशेला एक (सेकंदाचा सोळाशेवा भाग), निदान हजारला एक, आयएसओ ऑटो. दाणे आले तरी चालतात, हललेला फोटो काही करून सुधारत नाही. पांढरा बगळा काळ्या पाण्यावर असेल तर एक्सपोजर पाऊण स्टॉप खाली घ्या, म्हणजे फोटो जरा गडद, नाहीतर पिसं जळतात. फोकस डोळ्यावर. भडक कपडे नकोत, मोठ्याने बोलणं नको. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून ही जागा जाहीर झाली, तेव्हापासून गर्दी वाढलीये. पक्षी उडवून फोटो काढणारे दिसले की जीव तुटतो.

सिडकोकर
दादा लेन्स कुठली? माझ्याकडे किटची १८-५५ आहे, त्यात पक्षी मुंगीएवढा येतो.

रानपाखरू
निदान ३०० एमएम लागते रे. सेकंडहँड ७०-३०० बघ. पण घाई नको. १८-५५ वर आधी घाट, बाजार, माणसं काढ. पन्नास एमएम एफ १.८ मिळाली तर घे, स्वस्त असते आणि संध्याकाळी रामकुंडावर दिव्यांच्या उजेडात ट्रायपॉडशिवाय काम भागतं.

सिडकोकर
बजेट पस्तीस हजार आहे, तेही पुढच्या पगारानंतर. आईला अजून सांगितलं नाहीये.

भांडीबाजार
आईला सांग रे आधी. आणि पहिला फोटो तिचा काढ.

द्राक्षबाग
पिंपळगावहून. हा धागा वाचता वाचता फवारणीचं पाणी कमी पडलं म्हणून थांबलोय, तेवढ्यात लिहितो.

दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, १८७० चा जन्म. चित्रपट काढण्याआधी त्यांचा स्वतःचा फोटोचा व्यवसाय होता. भांडवल द्यायला कुणी तयार होईना तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करून कोंब ते वेल असं पडद्यावर उगवून दाखवलं. १९१२ ची गोष्ट. आता आपण ज्याला टाइमलॅप्स म्हणतो तेच.

ते डोक्यात ठेवून मी गेल्या ऑक्टोबर छाटणीला एका काडीसमोर बांबू रोवला, त्याला मोबाइलचा क्लॅम्प. रोज सकाळी साडेसातला एक फोटो. डोळा फुगतो, कापूस दिसतो, पोंगा, मग पान, मग घड. बेचाळीस दिवस केलं, मग अवकाळीत बांबूच पडला. टिप एवढीच की फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, नाहीतर रोज उजेड वेगळा येतो आणि व्हिडिओ लुकलुकतो.

आता मागची गोष्ट. त्या बेचाळीस फोटोंत काडीच्या मागे दोन ओळी सोडून वडील आहेत. रोज. कधी टोपी, कधी पाठ, कधी नुसता हात. मी व्हिडिओ जोडला तेव्हा दिसलं. काडी वाढतेय आणि वडील इकडून तिकडे, इकडून तिकडे. एकदाही कॅमेऱ्याकडे बघितलेलं नाही.

गोदाकाठ
बाप रे. हे वाचून मी पोळी करपवली.

लालदिवा
हा व्हिडिओ जपून ठेवा दादा. दोन ठिकाणी. फोनमध्ये एक आणि हार्ड डिस्कवर एक.

ओलीझाडी
मध्येच विचारते, सॉरी. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं काहीतरी आलंय. इगतपुरीला राहते, चार महिने भिंतीसुद्धा ओल्या असतात. हे पुसता येतं का?

लालदिवा
बुरशी आहे ती. आत असेल तर स्वतः उघडू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या, लवकर न्या. जास्त दिवस राहिली तर काचेवरचा थर खाते आणि मग साफ केली तरी डाग राहतो. ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवा.

पुढच्या पावसाळ्यासाठी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल. निळे खडे गुलाबी झाले की मंद आचेवर परत निळे होईपर्यंत गरम करायचे, खाण्याच्या भांड्यात नको. चामड्याच्या केसमध्ये कॅमेरा कधीच ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. आणि वापरत राहा. कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी आधी लागते.

ओलीझाडी
चामड्याच्या केसमध्येच होती 😔 बाबांनी दिलेली केस.

लालदिवा
केस वेगळी ठेवा, आठवण म्हणून. कॅमेरा डब्यात.

तिवंधा
रंगपंचमीचा माझा. रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, धप्पा (उडी) मारणारा मित्र टिपायचा होता. समोरच्या घराच्या गच्चीवरून, शटर हजारला एक, पाण्याचा फवारा गोठलेला, एकदम मनासारखा आला. त्यात मागे आमचा जुना वाडा, सागवानी सज्जासकट. पुढच्याच वर्षी उतरवला. वाड्याचा असा सरळ समोरून काढलेला दुसरा फोटो कुणाकडेच नाही. सगळ्यांनी आत राहून आतलेच फोटो काढलेले. आता चुलते तो मोठा करून मागतायत.

रहाडीला जाणार असाल तर कॅमेऱ्याला पिशवी आणि लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर लावा. रंगाचं पाणी लेन्सच्या रिंगमध्ये गेलं की फिरताना करकर वाजतं.

सिडकोकर
रंगपंचमीला येतो तुमच्याकडे. नंतर मिसळ?

तिवंधा
विचारायचं काय त्यात. मिसळीनंतर पापड आणि जिलबी पण.

द्राक्षबाग
झणझणीत की काळ्या मसाल्याची? त्यावर मी येणार की नाही ते ठरेल.

रानपाखरू
काळ्या मसाल्याचीच. आणि मिसळीचा फोटो काढायचा तर खिडकीशी बसा, वरचा ट्यूबलाइट बंद करायला सांगा. तर्री दोन्ही उजेडांत हिरवट दिसते.

भांडीबाजार
मुलगा आला होता. फोटो स्कॅन केला. मोठा केल्यावर धोतरांच्या पलीकडे पाण्यात उभा असलेला एक लहान मुलगा दिसला, ओंजळीत काहीतरी धरलेला. कुणाचा कोण. मुलगा म्हणाला, "आई, तुमच्या लग्नाचा पाहुणा."

गोदाकाठ
झालं माझं काम. काड्यापेट्या, टॅब, पुस्तकांचे ढीग, सगळं लालदिवा दादांनी सांगितलं तसं. तिसऱ्या प्रयत्नाला नीट आलं.

आजी स्पष्ट आहे. चष्मा लावलाय, एका बाजूला दोरी बांधलेली. सुपात तांदूळ. मान वर करून ती अप्पांकडेच बघतेय.

आणि एक सांगायचं राहिलं. त्याच पट्टीवर पुढची फ्रेम आहे. तिचं प्रिंट कधी काढलेलंच नाही, पाकिटावर अप्पांच्या अक्षरात नंबर लिहिलेत त्यात तेवढ्याच नंबरावर काट. त्या फ्रेममध्ये मुंज नाही, भाऊ नाही, आई नाही. नुसती ओसरी आणि मधोमध आजी. सूप बाजूला ठेवलंय आणि पदर सारखा करतेय.

भावाला फोन केला. तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, भिक्षावळीला पहिली मूठ आजीने आतल्या दारातून घातली होती, कुणाला दिसणार नाही अशी. मला हे माहीतच नव्हतं.

लालदिवा
ताई, ही फ्रेम प्रिंट करताना चौकोनी कागदच मागा. आठ बाय आठ इंच. मॅट फिनिश. "कडेला पांढरी पट्टी सोडा, काही कापू नका" असं ऑर्डरवर लिहून द्या.

गोदाकाठ
लिहूनच देते. दोन प्रती, एक भावाला.

सिडकोकर
आईला सांगितलं. हो म्हणाली. पण म्हणते आधी तिचा नको, आजोबांचा काढ.

रानपाखरू
मग येत्या रविवारी नांदूरला चल आजोबांना घेऊन. मनोऱ्यावर चढायला जमेल ना त्यांना? पहाटे पाचला द्वारका चौकात. थालीपीठ मी आणतो, दही कुणीतरी आणा.