कोल्हापुरात वाळवंटातले किडे कशाला जपायचे?

रंकाळाकाठ
परवा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात (नाव नको) गेलो होतो. प्राणिशास्त्र विभागाच्या कोपऱ्यात किड्यांच्या लाकडी पेट्या एकावर एक रचलेल्या. वरची उघडली, तर आत थरच्या वाळवंटातले काळे भुंगेरे, कधीकाळच्या अभ्यास सहलीतले. डांबरगोळ्या कुणी बदलल्याच नव्हत्या, त्यामुळे किड्यांना किडे लागून निम्म्यांचा भुगा झालेला. शिपाईमामा म्हणाले, "रद्दीत चाललंय सर, इथं कॉम्प्युटर लॅब होणाराय."
असे संग्रह विद्यापीठानं ताब्यात घ्यावेत, असं माझं मत. किडे इथले असोत नाहीतर राजस्थानचे.

शाहूपुरीकर
साफ विरोध. गगनबावडा, दाजीपूर दारात असताना वाळवंटाचे लाड कशाला? जोधपूरला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं वाळवंट केंद्र आहे, त्यांना देऊन टाका. इथं पावसाळ्यात कपाटातल्या चपलेला बुरशी येते, टाचणीवरचा भुंगेरा काय टिकणार!

रंकाळाकाठ
चपलेचं मान्य. :) पण हे भुंगेरे हातात घेऊन बघा. पाठीवरचे कडक पंख एकमेकांना जुळून गेलेत, उडायचा प्रश्नच नाही. त्या पंखांखाली हवेची पोकळी आणि श्वासाची छिद्रं तिच्यात उघडतात, म्हणून अंगातला ओलावा सहज जात नाही. नामिब वाळवंटातला एक भुंगेरा तर धुक्यात डोकं खाली, बूड वर करून उभा राहतो आणि पाठीवरून ओघळणारं पाणी पितो. आपल्या उसातल्या हुमणीचा भुंगेरा वळवाच्या पावसानंतर जमिनीतून वर येतो आणि भुर्रकन कडुलिंबावर जाऊन बसतो. हे दोघं एका पेटीत शेजारी ठेवा, पोरांना वेगळं शिकवावं लागणार नाही.

पन्हाळ्याचा_कॅमेरा
त्यासाठी जीव मारायची गरज काय? आता मोबाइलवरही चांगला मॅक्रो फोटो निघतो.

एमएस्सी_भाग२
दादा, हुमणीच्या जवळच्या जाती ओळखायला नराचं जननेंद्रिय काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. ते फोटोत कुठून आणणार? जुन्या किड्याच्या एका पायातूनही डीएनए मिळू शकतो. जर्मनीत हौशी कीटक अभ्यासकांनी सापळ्यात पडलेले किडे वर्षानुवर्षं अल्कोहोलमध्ये जपले, म्हणून 2017 मध्ये सांगता आलं की उडणाऱ्या किड्यांचं वजन 27 वर्षांत 75 टक्क्यांहून जास्त घटलंय. बाटल्या फेकल्या असत्या तर?

शिरोळचा_ऊसवाला
2020 च्या मे महिन्यात टोळधाड अमरावती-नागपूरकडं आली, तवा आमच्या ग्रुपवर लई जणांनी नाकतोड्याचं फोटो टाकून "टोळ आला" म्हणून गोंधळ घातलेला. खरा वाळवंटी टोळ कुणी बघितलावता? तालुक्याला एक जरी पेटी असती तर दावता आला असता.

पन्हाळ्याचा_कॅमेरा
इथंच तर फोटो जिंकतो! झुंडीतला टोळ कोवळा असताना गुलाबी, वयात आला की पिवळा. टाचणीवर तो रंग उडून जातो.

एमएस्सी_भाग२
हा मुद्दा बरोबर आहे. दोन्ही ठेवा मग.

शाहूपुरीकर
सगळे भावनेच्या भरात बोलताय. एकच विचारतो, चिठ्ठ्या आहेत का? गाव, तारीख, पकडणाऱ्याचं नाव? नसेल तर तो नमुना नाही, दिवाणखान्यातली शोभा आहे.

रंकाळाकाठ
खरं सांगायचं तर 14 पेट्यांपैकी 5 मध्ये पूर्ण चिठ्ठ्या आहेत. बाकीच्यांत नुसतं "राजस्थान".

शाहूपुरीकर
मग 9 पेट्या रद्दीतच. उरलेल्या 5 जोधपूरला.

रंकाळाकाठ
9 पेट्या शाळांना देऊ, हाताळायला. 5 मात्र कोल्हापूर सोडणार नाहीत.

एमएस्सी_भाग२
ते नंतर भांडा. आधी त्या 5 पेट्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीझरला ठेवायला हव्यात, आतल्या अळ्या मरतात. फ्रीझर कुणाकडं आहे?

शिरोळचा_ऊसवाला
मेव्हण्याचं आईस्क्रीमचं दुकान हाय राजारामपुरीत. इचारतो. आत काय हाय ते मात्र सांगणार न्हाई.